भैरवी नसलेली मैफल

मोबाइल फोनच्या अतिवापराविषयी अलीकडे जे लिहिले-बोलले जाते, त्यात ‘डोपामाइन’ हा शब्द फार सहजपणे येतो. तो जणू मेंदूत पाझरणारा आनंदरस आहे आणि प्रत्येक ‘लाइक’सरशी त्याचा एकेक थेंब माणसाच्या पदरात पडतो, असा समज त्यामुळे सर्वदूर झाला आहे. हा समज चुकीचा आहे, आणि ती चूक केवळ शास्त्रीय काटेकोरपणाची नाही. फोनपासून थोडे दूर राहू पाहणारी माणसे जे उपाय करतात ते आठवड्याभरात का फसतात, याचे उत्तर बऱ्याच अंशी याच गैरसमजात दडलेले आहे.

या गैरसमजाला इतिहासही आहे. १९५४ साली कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूत विजेची बारीक तार बसवली आणि पिंजऱ्यातला दांडा दाबला की त्या जागी सौम्य विद्युतप्रवाह मिळेल अशी योजना केली, तेव्हा ते उंदीर तासाला शेकडो वेळा दांडा दाबत राहिले. मेंदूतले ‘सुखकेंद्र’ सापडले, अशी त्यावरून बोलवा झाली. पुढे अर्विद कार्लसन या स्वीडिश शास्त्रज्ञाने डोपामाइन हे स्वतंत्र चेतापारेषक आहे, म्हणजे एका चेतापेशीचा निरोप दुसरीकडे नेणारे रसायन आहे, हे दाखवून दिले (या कामाबद्दल त्यांना २००० साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला), आणि मेंदूच्या त्याच भागात या रसायनाचा वावर दिसून आल्यावर ‘डोपामाइन म्हणजे सुख’ हे समीकरण रूढ झाले.

ते मोडीत काढण्याचे बरेचसे श्रेय मिशिगन विद्यापीठातील केंट बेरिज यांच्या प्रयोगांकडे जाते. ज्या उंदरांच्या मेंदूतील डोपामाइन जवळजवळ नाहीसे केले होते, ते समोर अन्न असूनही आपणहून तोंड लावीत नसत. पण त्यांच्या जिभेवर साखरेचे पाणी सोडले, तर ते इतर उंदरांइतक्याच आवडीने मिटक्या मारीत. गोडी शाबूत होती, गोडीमागे धावणे तेवढे संपले होते. बेरिज यांनी यावरून ‘हवेसे वाटणे’ आणि ‘आवडणे’ या मेंदूच्या दोन वेगळ्या क्रिया आहेत, आणि डोपामाइनचा संबंध मुख्यत्वे पहिलीशी आहे, असे मांडले. मराठीत यासाठी दोन चपखल शब्द आधीपासून आहेत, तल्लफ आणि तृप्ती. तंबाखूत आता काही चव उरली नाही असे सांगत सांगतच चुना मळणाऱ्या माणसाला हा भेद कोणत्याही प्रयोगशाळेवाचून ठाऊक असतो, आणि रात्री एक वाजता, कंटाळलेल्या चेहऱ्याने, पुढची रील वर सरकवणारा अंगठाही त्याच जातीचा असतो.

तल्लफ कशी घडते, याचा उलगडा वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांतून झाला. माकडाला फळांच्या रसाचा थेंब अनपेक्षितपणे मिळाला की मध्यमेंदूतील डोपामाइन-पेशी उद्दीपित होत. पण रसापूर्वी ठराविक खूण नियमाने दाखवली गेली, की काही काळाने त्या पेशी रसाला प्रतिसाद देईनाशा होत आणि खुणेलाच देऊ लागत. आणि खूण दाखवूनही रस आला नाही, तर नेमक्या त्या अपेक्षित क्षणी त्यांची हालचाल नेहमीच्या पातळीच्याही खाली जाई. या पेशी बक्षीस मोजत नव्हत्या. अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांमधला फरक मोजत होत्या, आणि त्यावरून पुढच्या अपेक्षा सुधारत होत्या. ही एका अर्थी मेंदूची शिकण्याची वही आहे. २००३ साली शुल्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्यात आणखी एक नोंद दाखवली: रस मिळण्याची आणि न मिळण्याची शक्यता निम्मी-निम्मी असते, तेव्हा खुणेपासून निकालापर्यंतच्या काळात या पेशींची हालचाल सर्वाधिक चढत जाते. खात्रीपेक्षा अनिश्चितता त्यांना अधिक जागे ठेवते. फोनची टिंग ही अशी खूण आहे, आणि तिच्यामागे काय आहे, भावाचा निरोप, बँकेची जाहिरात की कुणीतरी पुढे ढकललेली सुप्रभातची फुले, हे फोन उचलेपर्यंत ठाऊक नसते.

अनिश्चिततेचे हे बळ मानसशास्त्राला त्याआधीच वर्तनाच्या पातळीवर ठाऊक होते. हार्वर्ड विद्यापीठातील बी. एफ. स्किनर आणि त्यांचे सहकारी चार्ल्स फर्स्टर यांनी १९५७ साली कबुतरांवरील आणि उंदरांवरील प्रयोगांचा जो प्रचंड संग्रह प्रसिद्ध केला, त्याचा विषय ‘प्रबलन’ हा होता. प्रबलन म्हणजे एखाद्या कृतीनंतर असे काही मिळणे की ती कृती पुन्हा होण्याची शक्यता वाढावी. प्रत्येक टोचणीला दाणा मिळणारे कबुतर दाणा बंद होताच लवकर थांबते. कधी तिसऱ्या, कधी तिसाव्या टोचणीला दाणा मिळालेले कबुतर मात्र दाणा बंद झाल्यावरही फार वेळ टोचत राहते. मटक्याचा आकडा लावणाऱ्याची चिकाटीही याच नियमात बसते, कारण रोज हरणारा माणूस खेळ सोडतो. अधूनमधून जिंकणारा सोडत नाही.

समाजमाध्यमांच्या रचनेतले काही महत्त्वाचे टप्पे या पार्श्वभूमीवर पाहिले, तर प्रत्येकाने या जुन्या यंत्रणेचा कुठला तरी एक खिळा घट्ट केल्याचे दिसते. २००६ साली फेसबुकने मित्रांच्या हालचालींची एकत्रित यादी, म्हणजे ‘फीड’, सुरू केली आणि २००९ साली तिच्यात ‘लाइक’ची भर पडली, त्यामुळे बक्षीस मोजता येऊ लागले आणि ते केव्हा, किती मिळेल याची अनिश्चितताही आली. बोटाने पडदा खाली ओढून सोडला की नवे काही येण्याची युक्ती जुगारयंत्राच्या दांड्याशी इतकी मिळतीजुळती आहे की ती तुलना आता गुळगुळीत झाली आहे. परंतु या सर्वांत मूलगामी बदल म्हणावा लागेल तो २००६ साली एझा रास्किन या आरेखकाने तयार केलेल्या ‘अनंत स्क्रोल’चा, ज्यात पानाचा तळ येतच नाही. (आपल्या या शोधाबद्दल त्यांनी पुढे जाहीरपणे खेद व्यक्त केला.)

याचे महत्त्व कळण्यासाठी, त्यापूर्वीच्या करमणुकींना शेवट असे हे आठवावे लागते. वर्तमानपत्राला शेवटचे पान होते, ताकभातानंतर जेवण संपत असे, कीर्तन आरतीने आणि मैफल भैरवीने आटोपत असे. भैरवी सुरू झाली की श्रोते मनाने उठायला लागत. अजून हवे होते असे वाटले तरी ते वाटणे हुरहुर म्हणून घरी नेले जाई. शेवट म्हणजे तृप्तीला सवड देणारी जागा, ‘आता पुरे का?’ असे मेंदूने स्वतःला विचारण्याचा क्षण. अनंत स्क्रोलने आणि आपोआप सुरू होणाऱ्या पुढच्या चित्रफितीने तो क्षण काढून टाकला, त्यामुळे थांबण्यासाठी कारण लागू लागले आणि चालू ठेवण्यासाठी काहीच लागेनासे झाले. भारतात हे घडण्यास अनुकूल परिस्थितीही लवकर आली: सप्टेंबर २०१६ मध्ये जिओच्या आगमनानंतर इंटरनेटचे दर कोसळले, आणि जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली तेव्हा रिकामी झालेली जागा अवघ्या काही आठवड्यांत इन्स्टाग्रामच्या रील्सनी आणि त्यापाठोपाठ यूट्यूबच्या शॉर्ट्सनी भरून काढली. बंदी एका ॲपवर आली होती. ज्या रचनेमुळे ते लोकप्रिय होते, ती रचना इतर कंपन्यांनी लगोलग स्वीकारली.

या सर्वांचा माणसाच्या मेंदूवर नेमका काय परिणाम होतो, या प्रश्नाचे उत्तर देताना मात्र सावध राहावे लागते. लॉस एंजलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १३ ते १८ वयाच्या ३२ मुलामुलींना, मेंदूतील रक्तप्रवाहाचे चित्रण चालू असताना, छायाचित्रे दाखवण्यात आली. त्यांवरील ‘लाइक’चे आकडे संशोधकांनीच ठरवलेले होते. स्वतःच्या छायाचित्राला पुष्कळ लाइक दिसले की बक्षिसाशी निगडित असलेला मेंदूच्या गाभ्यातला भाग अधिक कार्यरत होई, आणि इतरांच्या छायाचित्रांपैकी ज्यांना आधीच जास्त लाइक होते, त्यांनाच ही मुलेही लाइक देत. पौगंडावस्थेत हा भाग तडफदार असतो आणि त्याला लगाम घालणारा, कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स हा भाग वयाच्या विशीच्या मध्यापर्यंत परिपक्व होत राहतो, हे लक्षात घेतले तर या वयाविषयीची चिंता समजण्यासारखी आहे. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई केली, ती याच चिंतेपोटी. तरीही, मेंदूचा एखादा भाग कार्यरत होणे म्हणजे इजा होणे नव्हे. आईच्या शाबासकीनेही तो भाग कार्यरत होतोच.

अवधानाबाबतचा पुरावा अधिक ठोस आहे, पण तोही लोकप्रिय समजुतीसारखा नाही. माणसाचे लक्ष आता आठ सेकंदच टिकते, म्हणजे गोल्डफिश माशापेक्षाही कमी, हे विधान असंख्य भाषणांत ऐकू येते. त्यामागे विश्वसनीय संशोधन नाही, आणि तीन तासांचा चित्रपट किंवा पाच दिवसांचा कसोटी सामना पाहणाऱ्यांनी तरी त्यावर विश्वास ठेवू नये. ग्लोरिया मार्क यांनी प्रत्यक्ष कार्यालयांत केलेली मोजणी वेगळे सांगते. २००४ साली माणसे संगणकाच्या पडद्यावरील एका गोष्टीवर सरासरी सुमारे अडीच मिनिटे राहत. २०१२ पर्यंत हा काळ ७५ सेकंदांवर आणि त्यानंतरच्या वर्षांत ४७ सेकंदांच्या आसपास आला. क्षमता नाहीशी झाल्याचा हा पुरावा नाही. वारंवार खांदेपालट करण्याची सवय जडल्याचा आहे. त्या खांदेपालटाची किंमत सोफी लरॉय यांनी २००९ साली दाखवली: एक काम सोडून दुसऱ्याला लागल्यावरही मनाचा काही भाग पहिल्यातच घुटमळतो आणि दुसरे काम त्या प्रमाणात सुमार होते. समीकरण सोडवताना मध्येच पाहिलेला निरोप वीस सेकंदांचा असला, तरी त्याला द्यायचे उत्तर मनात जुळत राहते.

२०१७ साली टेक्सास विद्यापीठातील एड्रियन वॉर्ड यांच्या प्रयोगाने आणखी पुढची पायरी गाठली. फोनचा आवाज बंद करून तो टेबलावर पालथा ठेवलेल्यांपेक्षा, तो दुसऱ्या खोलीत ठेवून आलेल्यांनी कार्यस्मृतीच्या चाचण्यांत सरस कामगिरी केली. कार्यस्मृती म्हणजे मनातल्या मनात हिशेब करताना आकडे धरून ठेवणारी तात्पुरती स्मृती; फोनकडे पाहायचे नाही, हे स्वतःला बजावण्यातच तिचा काही भाग खर्च होतो, असा अर्थ त्यांनी लावला. नंतर इतरांनी केलेल्या प्रयोगांत हा परिणाम कधी दिसला, कधी दिसला नाही, तेव्हा त्याला सिद्धान्त म्हणणे घाईचे ठरेल. अर्थात अभ्यासाला बसलेल्या मुलाचा फोन स्वयंपाकघरात ठेवण्यासाठी सिद्धान्ताची वाट पाहण्याचेही कारण नाही.

झोपेचा मुद्दा थोडक्यात उरकता येतो. पडद्याचा निळसर प्रकाश झोपेची वेळ जुळवणाऱ्या मेलाटोनिन या संप्रेरकाला दडपतो हे खरे; पण २०१४ साली हार्वर्डमधील संशोधकांनी सलग पाच रात्री झोपेपूर्वी चार-चार तास उजळ पडद्यावर वाचायला लावूनही माणसांना झोप लागायला सुमारे दहा मिनिटेच अधिक लागली. खरा तोटा प्रकाशाचा नसून न संपणाऱ्या मजकुराचा आहे, आणि पडदा पिवळसर करून मजकूर संपत नाही.

मानसिक आरोग्यावर होणाऱ्या परिणामाविषयी एकमत नाही. एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रझिबिल्स्की यांनी साडेतीन लाखांहून अधिक किशोरवयीनांची माहिती तपासून २०१९ साली असा निष्कर्ष काढला की त्यांच्या सुखासमाधानातील फरकांपैकी जास्तीत जास्त ०.४ टक्के फरक डिजिटल साधनांच्या वापराशी जोडता येतो. सरासरीचे हे आकडे दिलासा देतात. परंतु सरासरीत बुडणारा आणि पोहणारा एकाच खोलीवर असतो, हेही विसरता येत नाही. शिवाय माणसांना प्रत्यक्ष फोनपासून दूर ठेवून पाहणारे प्रयोग अधिक बोलके आहेत. अमेरिकेत २०१८ च्या निवडणुकीपूर्वी चार आठवडे फेसबुक बंद ठेवणाऱ्यांना दिवसाला सरासरी तासभर मोकळा मिळाला, त्यांच्या समाधानात लहानशी पण निश्चित वाढ झाली आणि राजकीय कडवेपणा थोडा निवळला. त्याबरोबर ताज्या घडामोडींचे ज्ञानही घटले, ही दुसरी बाजू. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ४६७ जणांना दोन आठवडे फोनवरचे इंटरनेट बंद करण्यास सांगितले गेले, बोलणे आणि साधे संदेश मात्र चालू होते. सूचना शेवटपर्यंत तंतोतंत पाळणारे चौथा हिस्साच होते, तरीही एकूण गटाचे मन:स्वास्थ्य आणि सलग अवधान सुधारले. उरलेल्या वेळात ही माणसे लोकांना भेटत होती, व्यायाम करत होती, बाहेर उन्हात जात होती. लाभ फोन नसण्याचा किती आणि त्या जागी जे आले त्याचा किती, हे वेगळे काढणे अवघड आहे, आणि कदाचित अनावश्यकही.

‘व्यसन’ हा शब्दही जपून वापरावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगसूचीत व्हिडिओ गेमच्या विकृत वापराला स्थान मिळाले आहे, समाजमाध्यमांच्या वापराला स्वतंत्र आजार म्हणून मिळालेले नाही. तरी ज्यांचे शिक्षण, नोकरी किंवा झोप त्यापायी कोलमडते अशांसाठी बंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेने २०१४ पासून तंत्रज्ञानाच्या निरोगी वापरासाठी स्वतंत्र उपचारकेंद्र चालवले आहे. उरलेल्या बहुसंख्यांच्या बाबतीत ‘सवय’ हा शब्द पुरेसा आहे आणि उपायाच्या दृष्टीने अधिक उपयोगी आहे. एखादी कृती त्याच प्रसंगी, त्याच जागी पुन्हा पुन्हा केली की तिचे नियंत्रण मेंदूच्या खोलवरच्या ‘बेसल गँग्लिया’ या केंद्रसमूहाकडे जाते, आणि मग प्रसंग आला की हेतूची विचारपूस न करता कृती सुरू होते. लिफ्टचे दार मिटताच फोन खिशातून बाहेर येतो, तो काही पाहायचे आहे म्हणून येत नाही.

इथेच निश्चयावर विसंबणाऱ्या उपायांची मर्यादा कळते. ‘डोपामाइन उपवास’ हे नाव मुळातच फसवे आहे, कारण हालचाल करण्यासाठीही लागणारे रसायन उपवासाने वर्ज्य करता येत नाही. आणि एकादशीला फोन बंद ठेवून द्वादशीला दुप्पट पारणे फेडणाऱ्याच्या सवयीतली एकही खूण बदललेली नसते. बदल खुणांत करावा लागतो. माणसांकडून येणारे निरोप तेवढे ठेवून यंत्राने पाठवलेल्या सूचना बंद करणे, गटांना मूक करणे, रीलचे ॲप पहिल्या पडद्यावरून हलवणे किंवा काढून टाकून गरजेला संगणकावर उघडणे, चार्जर उशाशी न ठेवता बैठकीच्या खोलीत ठेवणे आणि त्यासाठी शंभर-दोनशे रुपयांचे गजराचे घड्याळ आणणे, या गोष्टी क्षुल्लक दिसतात. परंतु त्यांतील प्रत्येकीमुळे हात आणि फोन यांच्यामध्ये काही सेकंदांचे अंतर पडते, आणि कपाळामागच्या सावकाश चालणाऱ्या भागाला तेवढी सवड पुरते. सगळ्याच सूचना एकदम बंद केल्यावर मात्र काहींची बेचैनी वाढते, असे एका प्रयोगात आढळले. त्याच प्रयोगात दिवसातून तीन ठरलेल्या वेळी एकगठ्ठा सूचना मिळणाऱ्यांचा ताण कमी झाला. पोस्टमन दिवसातून ठरल्या वेळी येई, तेव्हाची व्यवस्था ती काही वेगळी नव्हती. नवी घडी बसायला २१ दिवस लागतात ही समजूतही सोडून द्यावी, कारण लंडनमधील २०१० सालच्या अभ्यासात हा काळ सरासरी ६६ दिवस भरला, कुणाला १८ दिवस पुरले तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला, आणि मध्ये एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही.

तरीही एकट्याने केलेली व्यवस्था एका ठिकाणी अपुरी पडते. समाजमाध्यम हे नावाप्रमाणे सामाजिक आहे. शाळेचा गृहपाठ, सोसायटीच्या पाण्याची सूचना आणि आतेबहिणीच्या साखरपुड्याचे फोटो एकाच व्हॉट्सॲपवर येतात, आणि निळ्या खुणा उमटूनही उत्तर न देणाऱ्याला घरात शिष्ट ठरवले जाते. सर्वांनी एकाच वेळी फोन खाली ठेवला, तर ही किंमत कुणालाच मोजावी लागत नाही.

सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव हे सुमारे तीन हजार वस्तीचे गाव आहे. करोनाकाळात शाळा फोनवर भरली, आणि ती पुन्हा वर्गात भरू लागल्यावरही फोन मुलांच्या हातून सुटेना. तेव्हा २०२२ च्या स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी झालेल्या ग्रामसभेत गावाने एक ठराव केला. पुरुषांनी ही कल्पना आधी हसण्यावारी नेली होती. मालिकांचे आणि फोनचे वेड आपल्यालाही लागले आहे असे मोकळेपणाने कबूल करणाऱ्या बायकांमुळे ती तगली. तेव्हापासून तिथे संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा होतो आणि घराघरातले दूरचित्रवाणी संच व फोन दीड तास बंद ठेवले जातात. सुरुवातीला लोकांची समजूत घालण्यासाठी घरोघर फिरावे लागले. सत्ता चालवणारा पोलीस तिथे नाही, दंडाची भीतीही नाही. गिरणीच्या भोंग्याने एके काळी आख्ख्या गिरणगावाचे उठणे-जेवणे बांधून टाकले होते, तसा हा भोंगा आहे, आणि शुल्ट्झ यांच्या माकडांना दिसणाऱ्या खुणेइतकीच ती एक खूण आहे, फक्त ती गावाने स्वतःसाठी निवडलेली आहे. त्या दीड तासात मुले अभ्यास करतात, मोठी माणसे एकमेकांशी बोलतात, काही जण वाचतात. साडेआठ वाजता दुसरा भोंगा होतो आणि संच पुन्हा सुरू होतात.